गोड वासाचं पाणी

पोलिसाच्या नोकरीत गुन्हा आधी समजतो आणि कबुली मागाहून मिळते. एका तपासात हा क्रम उलटा झाला, म्हणून निवृत्तीनंतरही तो माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस समोर बसून ‘मीच केलं’ म्हणत होता, आणि त्यानं नेमकं काय केलं हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

मी तेव्हा सुरतच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. हद्दीत नवागामच्या बाजूची दाट वस्ती होती. लूमवर, डाइंगमध्ये, साड्यांच्या बारीकसारीक युनिटांत काम करणारी माणसं, बहुतेक खानदेशातली. माझे वडीलही तिकडूनच सुरतेला आलेले, त्यामुळे अहिराणी कानाला घरची होती. नावं इथे कुणाचीच लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. रोल कॉल झाला होता, परेडला कोण जाणार आणि बंदोबस्तात कोण राहणार यावर नेहमीची कुरकुर सुरू होती. तेवढ्यात बायकांचा एक घोळका थेट माझ्या केबिनमध्ये आला. त्यांच्यातल्या एका काकूंनी पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली टेबलावर आपटली.

“साहेब, तुम्हीच वास घ्या. मंग आमले येडं म्हना.”

मी झाकण काढलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. वास मात्र होता, आणि तो घाण नव्हता. गोडसर, डोक्यात चढणारा. कुठेतरी घेतलेला वास, पण कुठे ते आठवेना. माझ्या जमादारानं बाटली हुंगली आणि तो म्हणाला, “साहेब, आ पाणी तो सेंट लगावीने आव्युं छे.” बायका हसल्या नाहीत.

हे पाणी त्यांच्या गल्लीतल्या सामाईक बोअरचं होतं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ यायचं, ते पिण्यासाठी. अंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. गेले काही दिवस अंघोळ करताना लोकांचे डोळे चुरचुरत होते, डोकं गरगरत होतं. आदल्या दिवशी एक बाळंतीण गरम पाण्यानं न्हायला मोरीत गेली, दार लावून घेतलं आणि आतच पडली. दार तोडून तिला काढावं लागलं. दवाखान्यात ती शुद्धीवर आली होती, बाळही ठीक होतं. पण गल्ली हादरली होती.

ही बाळंतीण गल्लीतल्या आबांची सून. आबा म्हणजे वस्तीतलं मोठं माणूस. गावाकडून आलेल्या कितीतरी पोरांना त्यांनी लूमवर लावलं होतं, भाड्यानं खोल्या दिल्या होत्या, भांडणं मिटवली होती. त्यांच्याच घरी दर श्रावणात सगळ्या भाऊबंदांची कानबाई, खानदेशातली कुळदेवी, बसायची. ती नुकतीच बसून तापीत विसर्जित झाली होती.

बायकांच्या मागे आबा उभे होते. शांतपणे म्हणाले, “साहेब, कोण शे ते आम्हाला ठाऊक शे. रस्त्यावर रंगाचं गोडाऊन शे ना, त्याचा हमाल. आमच्याच भाऊबंदकीतला. रोज बोअरवर हातपाय धुतो, डबे धुतो. त्याले आत टाका.”

बातमी, साक्षीदार आणि संशयित एकाच वेळी टेबलावर आले की अनुभवी पोलिसानं सावध व्हावं. मी पंच बोलावले आणि गल्लीत गेलो.

पंचनाम्याला बसलो आणि गोंधळ वाढत गेला. गोडाऊनचं स्वतःचं बोअर होतं, गल्लीच्या बोअरपासून फार लांब नाही. त्याचं पाणी हुंगलं, काही वास नाही. रंगाच्या बोअरचं पाणी चांगलं आणि गल्लीचं वाईट. विष पाण्यातून जातं म्हणावं तर ज्यांनी ते प्यायलंच नाही त्यांना चक्कर. पाऊस पडला की घाण वाहून जाते हे कुणालाही कळतं. इथे बायका सांगत होत्या की पावसाची सर येऊन गेली की वास वाढतो. मी वहीत एक वाक्य लिहायचो आणि पुढचं वाक्य त्याला खोटं पाडायचं.

गोडाऊनमध्ये पोत्यांवर पोती रचलेली होती. भिंती लाल, निळ्या, पिवळ्या. ओल आलेल्या जमिनीवर फाटक्या पोत्यांतून भुकटी सांडलेली. परवाना मागितला तर शेठनं चहा मागवला. बोअरचं विचारलं तर म्हणाला, “मारो रंग पाणीमां पडे ने साहेब, तो आखी गली होळी रमे.”

बोलणं उर्मट होतं, पण चूक नव्हतं. पाण्याला रंग नव्हता. एवढ्यानं शेठ सोवळा ठरत नाही. अशा गोडाऊनखालची जमीन काय काय पिऊन बसली असेल ते जमीनच जाणे, आणि त्याची नोंद मी वेगळी केली. पण माझ्या टेबलावरच्या बाटलीत त्याचा माल नव्हता.

ठाण्यात परतलो तर लोकांनी हमालाला धरून आणलं होतं. तिशीतला माणूस, शर्टाची एक बाही फाटलेली. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत निळे. गल्लीला तेवढा पुरावा पुरेसा होता. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसली होती. आबांनी तिला सांगितलं होतं की आजच खोली रिकामी करा. नवऱ्याला गुन्ह्यात घेतलं तर त्याची मजुरी जाणार होती, आणि त्याच्या डोक्यावरचं छप्परही आबांचंच होतं.

मी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं.

“बोअरमध्ये काय टाकलंस?”

“काहीच नही टाकं, साहेब.”

“मग लोक का म्हणतात?”

तो म्हणाला, “लोक खरं म्हनतस. मन्हामुळेच व्हयनं.”

“म्हणजे केलंस?”

“हो.”

“काय केलंस?”

“ते नका विचारू. माले आत टाका. तिले आनि पोरीस्ले खोलीमा राहू द्या, एवढं आबास्ले सांगा.”

जमादार वैतागला. “अरे भाई, करलं तर बोल, नाय करलं तर घरी जा. अर्धा गुन्हा नाय लिहिता येत.”

पण तो अर्ध्यावरच थांबला. मी आवाज चढवला, खाली आणला, गावाकडच्या गोष्टी काढल्या. फिरून फिरून एकच वाक्य. पुढे विचारलं तर म्हणायचा, कानबाई कोपली. मार वाचवायला कबूल होणारी माणसं मी पाहिली होती. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारी पाहिली होती. याचं काही वेगळंच होतं. त्याला पाप ठाऊक होतं आणि मला गुन्हा हवा होता.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. वस्तीत मात्र ती पक्की टिकते. बाहेर लोकांना कुणकुण लागली होती आणि आवाज वाढत होते. वरिष्ठांचा फोन आला. “माणूस आहे, कबुली आहे, लोक शांत होतील. गुन्हा दाखल कर आणि उद्याच्या परेडकडे बघ.” मी ‘जी साहेब’ म्हणालो आणि कागद पुढे ओढला. फिर्यादीत कृत्याची जागा मोकळी राहिली. विषारी पदार्थ कोणता, कुठून आणला, कसा टाकला? तिथे ‘कानबाई कोपली’ असं लिहिता येत नाही.

तेवढ्यात लाँड्रीवाला परेडची वर्दी घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत, कडक घडीची. मी पिशवी फाडली आणि थांबलो.

तोच वास.

सकाळची बाटली अजून टेबलाखाली होती. एकदा वर्दी हुंगली, एकदा बाटली. जमादारालाही दोन्ही हुंगायला लावली. मग लाँड्रीवाल्याला विचारलं, “कशानं धुतोस रे?”

तो घाबरला. “साहेब, पाण्यानं नाही धुवत ही. कोरी धुलाई. औषध असतं. साडीवाले डाग काढायला वापरतात ना, तेच. पाण्यापेक्षा जड असतं, तळाशी बसतं. गरम केलं की उडतं, म्हणून आम्ही दारं उघडी ठेवतो.”

तळाशी बसतं आणि गरम केलं की उडतं. बंद मोरी, गरम पाणी, आणि खाली पडलेली बाळंतीण. दुपारपासून जी वाक्यं एकमेकांना खोटं पाडत होती त्यातली निदान दोन आता शेजारी उभी राहिली.

लूमवरून उतरलेल्या कापडावर तेलाचे डाग पडतात. साडी तयार झाली की ते डाग असल्या औषधाच्या फवाऱ्यानं काढतात. सुरतेत हे काम घराघराच्या तळमजल्यावर चालतं. त्या गल्लीत असं युनिट एकच होतं. आबांचं.

अंधार पडायच्या आत मी पुन्हा गल्लीत होतो. आबांना वाटलं, मी पंचांच्या सह्या घ्यायला आलोय. त्यांनी खुर्ची दिली.

“आबा, डाग काढायचं औषध कुठे ठेवता?”

“आत शे ना, कॅनमध्ये.”

“मोठा ड्रम?”

“बाहेर असतो. कोपऱ्याले. आत जागा कोठे शे?”

कोपऱ्यात मंडपाचा झगमगीत पडदा लावलेला होता. कानबाई उठली तरी पडदा काढला नव्हता, गणपतीत तोच वापरायचा होता. मी तो बाजूला केला. मागे लोखंडी ड्रम होते. सगळे आडवे.

“आडवे का?”

उत्तर आबांच्या पुतण्यानं दिलं, अगदी सरळपणे. “उभे ठेवले तर पडद्याच्या वर डोकी काढत होते, साहेब. पाहुणे येनार, कानबाई निघनार, बरं दिसतं का? आबा बोलले आडवे करा, तर आम्ही आडवे केले.”

मी पहिल्या ड्रमला बुटानं ठोकलं. भरल्याचा जड आवाज. दुसऱ्याला ठोकलं आणि तो घंटेसारखा वाजला. त्याचं बूच खालच्या अंगाला आलं होतं. आणि त्याच्या खाली लोखंडी जाळी होती.

ती जाळी पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्याची. गच्चीवरचं पाणी नळ्यांनी त्यात यायचं, वाळू-खडीतून गाळून आटलेल्या जुन्या बोअरमध्ये उतरायचं, आणि जमिनीखालचं पाणी वाढायचं. आबांनीच पुढाकार घेऊन तो करवला होता. चांगलं काम होतं, आजही म्हणतो. पण जमिनीखालच्या पाण्याकडे जाणारा तो सरळ दरवाजा होता आणि दारावर विषाचा ड्रम निजवला होता. पावसाची प्रत्येक सर ते औषध आणखी खाली ढकलत होती.

आबा ड्रमजवळ खाली बसले. बुचावर हात ठेवून म्हणाले, “हा भरेल व्हता.” एवढंच. नंतर कितीतरी वेळ ते सुनेच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होते.

मला वाटलं, सुटलं कोडं. हमाल निर्दोष, त्याला घरी पाठवू. पण एक प्रश्न राहिला होता. घट्ट लावलेलं बूच पान्याशिवाय हलत नाही. मग ते सैल कसं झालं?

ठाण्यात येऊन मी त्याला विचारलं, “आबांच्या ड्रमला हात लावला होतास?”

तो ढसाढसा रडला. मग सगळं आलं. कानबाईच्या आदल्या दिवशी घरं धुऊन काढतात, प्रसादाच्या रोटासाठी गहू निवडतात, सगळं चोख लागतं. तो पाणी भरायला गेला तर बायकांनी त्याचे निळे हात बघून त्याला परत फिरवलं. ‘असे हात घेऊन कानबाईच्या पाण्याला हात लावतोस?’ साबण लावला, राख लावली, रंग जाईना. डाग काढायचं औषध त्याला माहीत होतं. आबांना मागायची लाज वाटली. ड्रमचं बूच पान्यानं खोललं, वाटीभर औषध घेतलं, कोणाची चाहूल लागली म्हणून बूच हातानंच लावलं आणि निघून आला. रंग थोडा उतरला. त्यानं पाणी भरलं, रोट खाल्ला. आणि सून पडली तेव्हा त्याला वाटलं, कानबाईच्या घरात चोरी केली, तिचं हे फळ.

ड्रम आडवा केलेला त्याला माहीतही नव्हता. पोरांना बूच सैल असल्याचं माहीत नव्हतं. आणि खड्ड्यावर काय ठेवू नये हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे ज्याला मी सोडायला निघालो होतो त्याचा हात होता. ज्यांनी फिर्याद दिली त्यांचा ड्रम होता. आणि कुणाच्याही मनात पाणी नासवायचं नव्हतं. कायदा एक हात शोधतो. इथे इतके हात होते की गुन्ह्याला चेहराच येईना.

त्या रात्री मी वर्दी खुंटीला लावून बसलो आणि स्वतःलाच विचारत राहिलो. हमालाचा जबाब खरा लिहिला तर आबांचा वकील म्हणणार, बूच त्यानं उघडलं, त्यालाच धरा. खोटा लिहिला तर मी पोलीस कशाला? शेवटी मी एक प्रश्न धरला. विष सांभाळायची जबाबदारी कुणाची होती? वाटीभर घेणाऱ्याची की ड्रमभर ठेवणाऱ्याची? बूच सैल असूनही ड्रम उभा असता, तर एक थेंब सांडला नसता. ड्रम पक्क्या फरशीवर, कठडा घालून, छपराखाली असता, तर सांडलेलंही जमिनीत गेलं नसतं. जो माल विकत घेतो, त्यावर धंदा करतो, त्यानं तो माणसांच्या पाण्यापासून दूर ठेवायचा. मी जबाब शब्द न् शब्द खरा लिहिला, बुचासकट. हलगर्जीपणाचा गुन्हा युनिटच्या मालकावर घेतला आणि हमालाला साक्षीदार केलं.

वरिष्ठ चिडले. वस्ती ठाण्यासमोर बसली. सकाळी ज्या काकूंनी बाटली आपटली होती त्याच आता म्हणत होत्या, “आबास्नी काय मुद्दाम करं का?” मुद्दाम नाही केलं, खरंच. मी त्यांना म्हणालो, “काकू, पाणी विचारतं का कुणी मुद्दाम केलं म्हणून?” त्या पदर खोचून पुन्हा घोळक्यात जाऊन बसल्या.

प्रदूषण खात्याची माणसं आली, नमुने गेले, बोअरला सील लागलं. तपासणाऱ्या बाईंना विचारलं, पाणी कधी चांगलं होईल? त्या म्हणाल्या, रंग सांडला असता तर निदान दिसला तरी असता. हे खाली बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. उपसत राहायचं, तपासत राहायचं. तारीख त्यांनी दिली नाही.

आबांना जामीन मिळाला. हमालाची खोली गेली. त्याला आबांच्या माणसांकडून समजुतीचा निरोपही आला होता, की जबाब फिरव, सगळं अंगावर घे, घर आम्ही सांभाळू. तो मला विचारायला आला. साक्षीदाराला काय बोलायचं ते पोलीस शिकवू शकत नाही. “जे झालं तेच सांग,” एवढंच मी म्हणालो. त्यानं न्यायाधीशांसमोर तेच सांगितलं, बूच आपण खोलल्याचंसुद्धा. कुणी न विचारता आपला वाटा कबूल करणारा त्या अख्ख्या प्रकरणात तो एकटा निघाला. शेठकडे कारण होतं, आबांकडे कारण होतं, पुतण्याकडे कारण होतं, ड्रम विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे तर बिलावर छापलेलं कारण होतं, ‘माल विकल्यावर जबाबदारी आमची नाही’.

मी निवृत्त झालो. खटला अजून चालू आहे. हमाल बायको-मुलींना घेऊन सुरतेजवळच्या कडोदऱ्याला गेला, एका युनिटमध्ये लागला. मधूनमधून फोन करायचा. मागच्या पावसाळ्यात एकदा भर दुपारी फोन आला.

“साहेब, आठे बी एक ड्रम आडवा ठेयेल शे. गटारजवळ. खाली ओलं दिसस. सांगू का नको?”

मला त्याच्या मुली आठवल्या, खोलीचं भाडं आठवलं. गप्प राहायला सांगणं सोपं होतं, आणि कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

“सांग,” मी म्हणालो.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात, तेव्हा माझी गाडी तिथेच अडते. विष उघड्यावर ठेवणारा बिनधास्त झोपतो, आणि ‘ते झाका’ म्हणणाऱ्याला मात्र आधी घरभाड्याचा हिशोब करावा लागतो. पाण्याचं रक्षण आपण त्या माणसावर टाकलं आहे ज्याच्या हातात काहीच नाही. हे चूक आहे एवढं मला पक्कं कळतं. बाकी तपास अजून अपुरा आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

“नोकरी गई, साहेब.”

मी विचारलं, “आणि ड्रम?”

“उभा करी दिना त्यास्नी,” तो म्हणाला. “लगेच.”